समुद्राची खुरपणी

समुद्र म्हणजे काय, हे मी नववीच्या वर्गाला इतकी वर्षं शिकवते आहे की झोपेतून उठवलं तरी फळ्यावर भरती-ओहोटीची आकृती काढून दाखवीन. खरा समुद्र मात्र मी दोनदाच पाहिला होता. एकदा लग्नानंतर नवऱ्याबरोबर आणि एकदा नणंदेच्या मुलीच्या लग्नात. दोन्ही वेळा अंगावर जरीची साडी होती, त्यामुळे आमची ओळख लांबून नमस्कार करण्यापलीकडे गेली नव्हती. आमची शाळा महाळुंगे पडवळच्या थोडी पुढं. इकडं पाणी म्हणजे विहीर, शेततळं आणि कालव्याला पाळीनं सुटणारं आवर्तन. बोअरला खारट पाणी लागलं तर लोक कपाळाला हात लावतात, त्याच्यात काय राहतं ते बघायला जात नाहीत.

तरीही एक दिवस मी धीर करून केतकीताईंना फोन लावला. त्या समुद्रातल्या जीवांच्या अभ्यासक. कोकणातल्या काही शाळांना हाताशी धरून त्यांनी एक काम चालवलं आहे. ओहोटीला किनाऱ्याचे खडक उघडे पडले की शाळेची पोरं तिथं जातात, नेमून दिलेल्या चौकोनात (ताई त्याला वाफा म्हणतात) कोण कोण राहतं ते बघतात, मोजतात. वर्षातून दोनदा, त्याच जागी. चार-पाच वर्षांच्या मोजणीवरून समुद्राची तब्येत कळते म्हणे.

"तुमची शाळा समुद्रापासून किती लांब आहे?" ताईंनी विचारलं.

"लांब नाही. मधे फक्त सह्याद्री आहे," मी म्हणाले.

त्या हसल्या, पण हसून विसरणाऱ्या बायकांपैकी त्या नव्हेत. "एकदा या," त्या म्हणाल्या. "एक वाफा रिकामा आहे, तो तुम्हाला देते. मोजणी धड झाली तर दर वर्षी बोलावीन. नाही झाली तर तो वाफा इथल्याच एका शाळेला जाईल. दोन शाळा थांबल्या आहेत."

मला तो वाफा हवा होता. फार हवा होता. आमची पोरं खेकड्याला पाय किती हे चित्रावरून लिहितात, पैकीच्या पैकी गुण घेतात, आणि त्यासाठी एकदाही कुठं गुडघे टेकून बघावं लागत नाही, याचा मला अलीकडे राग यायला लागला होता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, समुद्र आपल्या तालुक्यात येत नाही." मी म्हटलं, "सर, चंद्रसुद्धा येत नाही, पण धड्यात आहे." त्यांनी सही केली. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा सही करणं त्यांना नेहमीच सोपं वाटतं.

घरच्या घरी: तात्यांचा कांदा

जायच्या आधी सराव हवा. मोजायला लागते एक चौकट. आमच्याकडे ठिबकच्या जुन्या नळ्यांना तोटा नाही. पोरांनी त्या कापून, जोडून, आत सुतळीच्या चौकड्या बांधून अशा चौकटी केल्या की कारखान्याला जमणार नाहीत. प्रश्न मोजायचं काय हा होता. शाळेच्या मैदानात पोरांनी धावून धावून काही उगवायचं ठेवलेलंच नाही.

मैदानाला लागून तात्यांचा कांदा आहे. तात्यांची मनीषा माझ्याच वर्गात. तिला मधे घालून मी विचारलं, तुमच्या कांद्यातलं तण आम्ही चौकट टाकून मोजू का?

"मोजा की. माजी कुठं ना हाय?" तात्या म्हणाले. "पन एक हाय बाई. मोजलेलं तण जागेव ठिवायचं न्हाई. मोजा आन् उपटा. म्हशीला चालतंय ते एकीकडं, गाजरगवत एकीकडं."

सौदा वाईट नव्हता. आठवडाभर रोज शेवटच्या तासाला पोरं चौकट टाकायची, मोजायची, उपटायची, ढीग लावायची, पुढं सरकायची. सुमन तर ढीग लावण्यात पटाईत. ती डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची, भात-नाचणीवाल्या घरातली, इथं वसतिगृहात राहते. आठवडा संपला तेव्हा माझ्या पोरांचा हात बसला होता आणि तात्यांची अख्खी खुरपणी फुकटात झाली होती. दोघंही खूश. या सरावात पुढची सगळी आफत लपलेली होती हे मला तेव्हा दिसलं नाही. विज्ञानाच्या शिक्षिकेला दिसायला हवं होतं.

लेण्याद्री, आळेफाटा आणि उलटी दिशा

पालकांपैकी कोणीतरी बरोबर हवं, तर तात्याच निघाले. पोरगी समुद्राला पाठवायची आणि आपण घरी बसायचं हे त्यांना पटेना. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल आणि हातात एक गाठोडं, ज्यात काय आहे ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

निघताना पोरांच्या आयांनी अट घातली, आधी लेण्याद्रीच्या गणपतीला सांगून जा. पोरं पायऱ्या धावत चढली, मी बसत बसत चढले, तात्यांनी गुडघ्यांचं निमित्त सांगून खालूनच हात जोडले. एवढं झाल्यावर गाडी पश्चिमेला वळावी की नाही? आमचा गाडीवाला आळेफाट्याचा. त्याच्या मते आळेफाट्याच्या ओळखीच्या गॅरेजात हवा भरल्याशिवाय कोणतीही गाडी घाट उतरू शकत नाही. म्हणून समुद्राला निघालेले आम्ही आधी समुद्राकडे पाठ करून पूर्वेला गेलो. हवा भरली, हॉटेलात मिसळ खाल्ली, दोन पोरांनी तिथंच ओकून घेतलं आणि मग माळशेजमार्गे आम्ही कोकणात उतरलो. घाटाचं वर्णन करत नाही. पोरं झोपली होती आणि मी डोळे मिटून गणपतीला उरलेलं सांगत होते.

समुद्र नसलेला समुद्र

रायगड जिल्ह्यातल्या त्या गावाचं नाव सांगत नाही. तिथं आमची जी कीर्ती झाली ती तेवढ्या गावापुरती राहिलेली बरी.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गाडी थांबली, पोरं ओरडत किनाऱ्याकडे धावली आणि वाळूच्या कडेला सगळी गप्प उभी राहिली. समोर ओली वाळू, त्यापुढं काळे खडक, त्यापुढं चिखल, आणि पार लांब एक बारीक चकाकती रेघ.

"बाई, समुद्र कुठाय?" मनीषानं विचारलं.

पूर्ण ओहोटी होती. मी आकृती काढून शिकवते तीच. पण आकृतीत समुद्र इतका लांब गेलेला नसतो, फळ्यावर जागा नसते. तात्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आवर्तन बंद झालंय."

आमची राहायची सोय हिरामावशींच्या घरी होती. घरातले पुरुष होडीवर जातात आणि मावशी मासळी विकतात. आवाज असा की लाटांनी दबून राहावं. तात्यांनी त्यांना पहिला प्रश्न हा विचारला, "पानी कवा सुटणार?"

"रात्री भरंल," मावशी म्हणाल्या.

"कोन सोडतं?"

"चंद्र सोडतो. दुसरा कोन सोडंल?"

तात्या विचारात पडले. "म्हंजे वर अर्ज करून उपेग न्हाई," ते म्हणाले. आमच्याकडच्या माणसाला पाण्याची वेळ कोणाच्या तरी हातात असते आणि त्या हातापर्यंत पोचता येतं, एवढं पक्कं ठाऊक असतं. इथं वशिला लावायला जागाच नाही, याचं त्यांना दोन दिवस वाईट वाटत होतं.

अंधार पडायच्या सुमाराला दुसरीच गंमत झाली. मावशींचं न्हाणीघर अंगणाच्या टोकाला. आमची पोरं तिकडं निघाली ती चौघा-चौघांच्या टोळ्यांनी, हातात बॅटऱ्या, मोबाइलवर गाणी मोठ्यानं लावलेली, मधेच काठी आपटत. आमच्याकडं उसात बिबट्या असतो. दिवे लागल्यावर एकट्यानं आणि गुपचूप कोणी अंगणात जात नाही. मावशींना वाटलं पोरं भुताला घाबरतात. त्या समजूत घालायला लागल्या, "आमच्या हितं तसला काय नाय रे पोरांनो." सुमननं विचारलं, "बिबट्या न्हाई का मंग?" बिबट्या कसा घराच्या ओट्यावरून कुत्रं उचलून नेतो हे पोरांनी रंगवून सांगितल्यावर मावशींनी स्वतःच दाराला आतून कडी घातली. वादळात होडीवर जाणाऱ्या घरातली ही बाई. म्हणाली, "बाय गो, तुमी तिथं राहताव कशी?" आणि आम्ही आल्यापासून तोच प्रश्न त्यांच्याबद्दल एकमेकांना विचारत होतो.

जेवताना तात्यांनी गाठोडं सोडलं. भाकरी, ठेचा आणि त्यांच्या मंडळींनी खास बांधून दिलेली मासवडी. कोळ्याच्या घरी जायचं तर हातात काहीतरी तोलामोलाचं हवं, हा विचार. मावशींनी एक तुकडा मोडला, उलटा केला, आत बघितलं, बोटानं चाचपलं.

"यान मासा कुठं हाय?"

"न्हाई. बेसन हाय. तीळ, खोबरं," तात्या म्हणाले. "दिसाया माशावानी."

मावशींनी भरलेल्या सुरमईच्या परातीकडे बघितलं, मग तात्यांकडे अशा मायेनं बघितलं की जणू दुष्काळातून आलेला माणूस आहे. पण खाल्ली सगळी, आणि कृती विचारून घेतली. तात्यांनी उलट सुरमईला हात लावला नाही. काटा घशात अडकला तर कांद्याला पाणी कोण देणार, एवढंच म्हणाले.

आमचा वाफा

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकीताई आल्या. चाळिशीच्या आतल्या, बारीक चणीच्या, पायात रबरी बूट, आणि खडकावर आपण ओट्यावर चालतो तशा चालणाऱ्या. त्यांनी आमचा वाफा दाखवला. एका पसरट खडकाला चार कोपऱ्यांत पिवळ्या रंगाचे ठिपके. आत शेवाळाची नुसती दाटी: हिरवं पातळ, तपकिरी मण्यामण्यांचं, पंख्यासारखं, लालसर. त्यात शंखातले, कवचातले, चिकटलेले, सरपटणारे असंख्य जीव. शेजारी बाकीच्या शाळांचे असेच वाफे.

"तीन वर्षांची नोंद आहे या वाफ्याची," ताई म्हणाल्या. "आधीची शाळा गळली, म्हणून तुम्हाला देतेय. एकच नियम. प्राण्यांना हात लावायचा नाही. बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा."

पोरांनी माना हलवल्या. चौकट टाकली आणि गुडघे टेकले. माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर शांतता नववीच्या वर्गाकडून ऐकलेली नाही. सुमन एका खेकड्याकडे टक लावून बघत होती. तिच्याकडे पावसाळ्यात खेकडे धरून कालवण करतात, त्यामुळे तिचे हात शिवशिवत होते, पण नियम म्हणजे नियम. मनीषा मोठ्यानं आकडे सांगत होती. ताई जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "छान तयारी करून घेतलीत." माझी मान अशी ताठ झाली की पायाखाली बघायचं राहिलं.

त्या मला पलीकडच्या डबक्यातलं समुद्रफूल दाखवायला घेऊन निघाल्या. मी चौथ्या पावलाला घसरले आणि त्या डबक्यात बसले. बसले म्हणजे व्यवस्थित, मांडी घालावी तशी, कमरेपर्यंत. एक चप्पल तरंगत निघून गेली. ताईंनी एक हात धरला, शेजारच्या वाफ्यावर पोरं घेऊन आलेल्या सरांनी दुसरा, आणि मला वर काढेपर्यंत, ओरखडे धुवून कोरड्या खडकावर बसवेपर्यंत बराच वेळ गेला. आमच्या पोरांवर लक्ष ठेवायला तात्या होते. तात्यांनी लक्ष ठेवलं.

आम्ही लंगडत परत आलो तेव्हा पोरं ओळीनं उभी होती आणि सगळ्यांचे चेहरे बक्षीस समारंभाला असतात तसे होते. वाफा तुळतुळीत झाला होता. चार पिवळ्या ठिपक्यांच्या आत काळा खडक, त्यावर चिकटलेले शंख-शिंपले जागच्या जागी, आणि शेवाळ औषधालासुद्धा नाही. शेजारचे सगळे वाफे हिरवेगार आणि मधे आमचा हा, नुकती हजामत केल्यासारखा. बाजूला चार नीट ढीग.

"ताई, एक काडी ठिवली न्हाई," तात्या अभिमानानं म्हणाले. "त्या कोपऱ्यात लई चिवट व्हतं, तेबी काढलं."

केतकीताई वाफ्याच्या कडेला येऊन थबकल्या. त्या वाफ्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग परत वाफ्याकडे. मला त्या क्षणी पुन्हा डबक्यात जाऊन बसावंसं वाटलं.

"हात लावायचा नाही म्हटलं होतं," त्या शेवटी इतक्या हळू म्हणाल्या की त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

"प्राण्यांना न्हाई लावला," मनीषा घाबरून म्हणाली. "एकालाबी न्हाई. त्यांच्या मधून मधून काढलं. गवतच उपटलं फक्त. मोजून झालं व्हतं सगळं, फोटोबी काढलं व्हतं." मग माझ्याकडे बघून, "बाई, मोजल्यावर उपटायचंच असतं ना?"

उत्तर मला द्यायचं होतं. पोरांसमोर, ताईंसमोर, शेजारच्या सरांसमोर मी तात्यांच्या कांद्याची सगळी हकिगत सांगितली. तण, म्हैस, गाजरगवत, सगळं. सर तोंड फिरवून समुद्राकडे बघायला लागले. त्यांचे खांदे हलत होते. ताई हसल्या नाहीत. त्या खडकावर बसल्या आणि त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं.

आपलं काहीतरी मोठं चुकलं हे आता सगळ्यांना कळलं. तात्या पुढं झाले. "ताई, राव, इतकं काय मनाव घेता? पुन्ना लावून देतो. कांद्याचं रोप टोचायची सवय हाय पोरीस्नी. दुपारपत्तुर वाफा भरून देतो." आणि मनीषानं खरोखरच एक तपकिरी काडी उचलून खडकाच्या चिरेत टोचली. ती आडवी पडली. दुसरी टोचली, तीही आडवी. तिनं काडीचं बूड उलटसुलट करून बघितलं.

"ताई, याला मूळच न्हाई," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी आलेलं, तरी विचारलंच. "मंग हे पानी कुठून पितं?"

केतकीताईंनी डोकं वर केलं. रागावलेल्या माणसाला कोणी खरा प्रश्न विचारला की त्याची पंचाईत होते. "सगळ्या अंगानं," त्या म्हणाल्या. "बूड फक्त धरून ठेवायला. पिणं-खाणं सगळं अंगानं."

"पानाबिनानं सगळं?"

"सगळं."

मनीषानं ती काडी अलगद ढिगावर ठेवली. तेव्हा ताईंचं लक्ष त्या ढिगांकडे गेलं. "हे वेगवेगळे कोणी केले?"

सुमननं हात वर केला. "ह्ये म्हशीला चालंल," ती हिरव्या ढिगाकडे बोट करून म्हणाली. "ह्ये शेळीला," म्हणजे मण्यामण्यांचं तपकिरी. पंख्यासारख्या कडक शेवाळाकडे बघून म्हणाली, "ह्ये कुनीच खानार न्हाई." आणि लालसर ढिगापाशी अडली. "ह्ये काय म्हाईत न्हाई, म्हनून लांब ठिवलं."

ताई उठल्या, ढिगांपाशी उकिडव्या बसल्या आणि एकेक काडी बघत गेल्या. दोन-चार काड्या त्यांनी या ढिगातून त्या ढिगात टाकल्या. मग मला म्हणाल्या, "मावशींकडे वजनकाटा असेल. आणा." मी एका चपलेवर धावले, आणि मावशी काटा घेऊन माझ्यामागं आल्या. पाणी चढायच्या आत चारही ढिगांची वजनं झाली. मासळीच्या काट्यावर शेवाळ तोलताना मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "यो पाला तर जाल्यान अडकतो, उपटून आमी रोज फेकतो." मी त्यांना गप्प राहायची खूण केली.

ओट्यावरची संध्याकाळ

"काय ते संध्याकाळी सांगते," एवढं बोलून ताई बाकीच्या शाळांकडे गेल्या. दुपार फार लांब झाली. पोरं जेवली नाहीत. मनीषा तर ओट्याच्या कडेला गुडघ्यात तोंड घालून बसली होती. शाळेचा वाफा आपल्यामुळे गेला, एवढंच ती म्हणत होती, आणि तो माझ्यामुळे गेला हे मी तिला कितीही सांगितलं तरी तिला पटत नव्हतं. तात्या अंगणात येरझारा घालत होते. एकदा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, माज्या कांद्यामुळं झालं व्हय हे?" मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेला समुद्र एकदाचा हाताला लागला होता आणि आम्ही तो खुरपून काढला होता.

ताई आल्या तेव्हा सूर्य टेकला होता. मावशींनी चहा दिला, तो त्यांनी पूर्ण पिऊन घेतला.

"मी अजून रागावलेली आहे," त्यांनी सुरुवात केली, "हे आधी लक्षात ठेवा. तीन वर्षांची नोंद तुम्ही एका सकाळीत कापलीत." मनीषानं तोंड आणखी गुडघ्यात घातलं. "पण उपटायच्या आधी मोजणी झाली होती. मी ती फोटोशी ताडून बघितली. बरोबर आहे. वजनंसुद्धा आली, ती आजवर कोणत्याच वाफ्याची नव्हती. कारण वजन करायचं तर उपटावं लागतं, आणि उपटायचं धाडस मी केलं नसतं."

तात्यांनी मान वर केली. मी त्यांना डोळ्यांनीच खाली बसवलं.

"आता एक वाफा बोडका आहे आणि शेजारचे भरलेले आहेत," ताई म्हणाल्या. "या मोकळ्या खडकावर पहिलं कोण उगवतं, मग कोण येतं, कोण कोणाला हटवतं, हे कोणीतरी बघायला हवं. वर्षातून दोनदा येऊन ते कळणार नाही. दर दोन महिन्यांनी यावं लागेल. इथल्या शाळांना त्यांची कामं आहेत." त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. "ज्यांनी उपटलं त्यांनीच बघायचं. जमेल का, बाई?"

 पोरांनी माझ्या वतीनं एवढा आरडाओरडा केला की शेजारची कुत्री भुंकायला लागली आणि मावशींना वाटलं बिबट्या आला.

"आणि एकाही काडीला हात लावायचा नाही," ताई ओरडून सांगत होत्या. "प्राणी असो, गवत असो, प्लॅस्टिकची पिशवी असो. मला विचारल्याशिवाय नाही."

मार्चात, पुन्हा

हे लिहिते आहे ते दुसरी खेप करून आल्यावर. या वेळी तात्या आले नव्हते, कालव्याच्या चारीला पाणी सुटणार होतं आणि त्यांचा नंबर होता. गाडी याही वेळी आधी आळेफाट्याला गेलीच.

ओहोटी सकाळची होती. पोरं खडकावर पोचली आणि आमच्या वाफ्याभोवती वाकली. लांबून तो अजून बोडकाच दिसत होता. जवळ गेल्यावर, उन्हाच्या तिरक्या उजेडात, काळ्या खडकावर एक पोपटी झाक दिसली. नखाएवढी कोवळी, पातळ पानं, ओली, चिकटलेली. सुमननं बघितलं आणि म्हणाली, "म्हशीचं पयलं आलं."

तात्यांचा फोन तेवढ्यात आला. मी मनीषाला द्यायला गेले तर ती घेईना. ती वाफ्याच्या कडेला बसली होती आणि दोन्ही हात तिनं स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते. जन्मल्यापासून हिरवं दिसलं की उपटायचं एवढंच त्या हातांना माहीत. त्यांचा काय भरवसा, असं तिला वाटलं असावं. शेवटी फोन मीच तिच्या कानाशी धरला.

"उगावलं का गं?" तात्या पलीकडून विचारत होते. मागं पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता आणि चारीवर जमलेली माणसं बोलत होती.

"उगावलं, तात्या!"

"लई?"

"लई न्हाई. बारीक हाय अजून. पन हाय."

तात्यांनी फोन न ठेवताच पलीकडच्या माणसांना ओरडून सांगितलं, "उगावलं रं, आपल्या पोरींचं उगावलं!" कोणीतरी विचारलं, काय? 

"तण," तात्या म्हणाले.